फुलोऱ्यात गांजाच्या झाडाची पानं काढायची का? काढायची तर कुठली, किती आणि कधी

सरळ उत्तर आधी देते, कारणं मागाहून. फुलोऱ्याच्या पहिल्या तीन आठवड्यांत काही पानं काढलेली चालतात, झाड दाट असेल तर काढायलाच लागतात. चौथ्या आठवड्यापासून निरोगी हिरव्या पानाला हात लावायचा नाही. शेवटी शेवटी फक्त पिवळी, सुकलेली आणि रोगट पानं, तीपण रोज बघून. बाकी ते "एकविसाव्या दिवशी सगळी मोठी पानं उतरवा आणि बघा बड कसे फुगतात" (बड म्हणजे फुलांचा घट्ट झुबका) छापाचे सल्ले सगळीकडे फिरत असतात, ते मोठ्या कमर्शियल रूममध्ये भरपूर लाइट आणि हवेवर पूर्ण कंट्रोल असणाऱ्यांना झेपत असतील, पण बेसमेंटमधल्या छोट्या टेंटात, म्हणजे झाडं वाढवायच्या बंद कापडी तंबूत, किंवा बॅकयार्डातल्या कुंडीत तेच केलंत तर झाड आठवडाभर गप्प बसतं आणि तो आठवडा काही परत मिळत नाही.

कायद्याचं आधी, कारण त्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. हे मी कॅनडात, त्यातही ऑन्टारिओत घरी झाडं लावणाऱ्या आपल्या लोकांसाठी लिहितेय. १७ ऑक्टोबर २०१८ पासून इथे घरात चार झाडं लावता येतात, पण हे चार घरटी आहेत, माणशी नाहीत, म्हणजे घरात सासू-सासरे धरून सहा मोठी माणसं असली तरी चारच. वय १९ पूर्ण पाहिजे, बी किंवा रोप कायदेशीर दुकानातून घेतलेलं पाहिजे, आणि भाड्याचं घर किंवा काँडो असेल तर तिथले नियम वेगळे असू शकतात, लीज नीट वाचा. क्वेबेकमध्ये घरी लावायला बंदी आहे आणि ती २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं कायमही ठेवली. जर्मनीत राहणारे मराठी लोकही विचारत असतात म्हणून सांगते, तिथे १ एप्रिल २०२४ पासून मोठ्या माणसाला तीन झाडं चालतात. आणि भारतात? भारतात १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली हे झाड लावणं हाच गुन्हा आहे, एक झाड असलं तरी, आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. त्यामुळे गावाकडच्या भावाला हा लेख फॉरवर्ड करून "तूपण लाव" म्हणू नका, आणि भारतात जाताना बी, पान, काहीही बॅगेत टाकू नका. अमेरिकेच्या बॉर्डरवरसुद्धा नाही, पलीकडच्या राज्यात लीगल असलं तरी नाही.

आता झाडाकडे या.

पान म्हणजे कुठलं पान

गोंधळ इथूनच सुरू होतो. या झाडाला दोन तऱ्हेची पानं असतात. एक मोठी, लांब देठाची, पाच-सात-नऊ बोटांची, जी आपण चित्रात बघतो ती, यांना सगळे फॅन लीफ म्हणतात. दुसरी बारीक पानं, जी बडच्या आतूनच निघतात, ज्यांचा देठ जवळजवळ दिसतच नाही आणि ज्यांच्यावर पांढरट चिकट कण बसलेले असतात, ती शुगर लीफ. या लेखात जे काही काढायचं बोलतेय ते फक्त फॅन लीफचं आहे. शुगर लीफ फुलोऱ्यात कधीच काढायची नाहीत. एक तर त्यांच्यावर राळ असते, म्हणजे तुम्ही पिकातलाच भाग कापून टाकताय, आणि ती बडच्या इतकी आत असतात की ओढताना फुलाला जखम होते आणि ओल्या जखमेवर बुरशी बसायला वेळ लागत नाही. त्यांची छाटणी हार्वेस्टच्या वेळी.

तिसरी गोष्ट म्हणजे खालच्या बारक्या फांद्या, ज्यांच्या टोकाला मक्याच्या दाण्याएवढ्या कळ्या येतात आणि शेवटपर्यंत तेवढ्याच राहतात. ही पानं नाहीत पण काढायच्या यादीत यांचा नंबर पानांच्याही आधी लागतो. त्याच्यावर येते पुढे.

पान काढल्यावर झाडाचं काय होतं

फॅन लीफ साखर बनवतं आणि ती साखर फुलाकडे जाते. फुलाच्या सगळ्यात जवळचं, उजेडातलं, तरणं पान हे त्या फुलाचं मुख्य पोषण आहे. लोक नेमकं तेच पान काढतात, कारण ते बडवर सावली पाडताना दिसतं. बडवर थेट लाइट पडला म्हणजे बड मोठा होईल अशी समजूत असते, पण बड स्वतः थोडीशीच साखर बनवतो, खरं काम पानच करत असतं. वरचं पान काढून तुम्ही बडला ऊन दिलंत आणि त्याचा डबा काढून घेतलात.

दुसरं म्हणजे पान हा साठा आहे. नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश, मॅग्नेशियम हे सगळे झाडाच्या आत हलू शकतात. फुलोऱ्याच्या उत्तरार्धात झाड जुन्या पानांतून हे काढून फुलांकडे पाठवतं, म्हणून खालची पानं शेवटी पिवळी पडत जातात. सहाव्या-सातव्या आठवड्यात खालून पिवळेपणा दिसला की घाबरून खत ओतणारेही आहेत आणि पान कापणारेही आहेत. दोन्ही नको. पान अर्धं हिरवं अर्धं पिवळं आहे म्हणजे देवाणघेवाण अजून चालू आहे, पूर्ण पिवळं होऊ द्या, मग बोटानं नुसतं हलवलं तरी गळून हातात येतं.

मग काढायचीच कशाला? दोन कारणांसाठी. हवा आणि उजेड. आणि माझ्या मते आपल्याकडे, म्हणजे ऑन्टारिओत, हवा हे कारण उजेडापेक्षा फार मोठं आहे. जास्त माल मिळावा म्हणून पान काढू नका, आहे तो माल सडू नये म्हणून काढा. एवढं एक डोक्यात ठेवलंत तर निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, कारण मग प्रत्येक पानापाशी तुम्ही विचारता की हे पान हवा अडवतंय का, आणि बहुतेक पानांचं उत्तर "नाही" असंच येतं.

हवेचं गणित असं आहे. तुम्ही कुंडीत जे पाणी घालता त्यातलं जवळजवळ सगळं पानांवाटे वाफ होऊन बाहेर पडतं. दाट झाडाच्या पोटात, जिथे पानावर पान चिकटलेलं असतं, तिथे ती वाफ अडकून राहते. टेंटमध्ये लाइट चालू असतो तेव्हा मीटर ४८ टक्के ह्युमिडिटी दाखवतो आणि आपण खूश असतो. रात्री लाइट गेला की टेंपरेचर पडतं, तेवढ्याच वाफेची ह्युमिडिटी चढत जाते, आणि पहाटे बघितलंत तर तोच मीटर ६५-७० वर असतो. म्हणून मीटर घेताना कमाल-किमान लक्षात ठेवणारा घ्या, आणि तो टेंटच्या भिंतीला न अडकवता झाडाच्या मध्यावर, पानांच्या मधे टांगा. फुलोऱ्याच्या दुसऱ्या निम्म्यात तिथला आकडा रात्रीही ५५ च्या आत राहिला तर उत्तम. राहत नसेल तर आधी एक्झॉस्ट फॅन आणि डिह्युमिडिफायर बघा, मग कात्री.

उजेडाचं म्हणाल तर त्यातही तथ्य आहे. इस्रायलच्या व्होल्कानी संस्थेत निरीत बर्नस्टीन यांच्या टीमनं मेडिकल कॅनाबिसच्या झाडांवर यावर बरंच काम केलंय. वरच्या आणि खालच्या फुलांतल्या द्रव्यांचं प्रमाण वेगवेगळं असतं, खालची सावलीतली फुलं कमी भरतात, आणि झाडाची ठेवण बदलली, खालच्या फांद्या-पानं काढली, की झाडभर फुलं जास्त एकसारखी येतात असं त्यांना दिसलं. इथे नीट लक्ष द्या, एकसारखी म्हटलंय, जास्त असं म्हटलेलं नाहीये. औषध बनवणाऱ्याला एकसारखेपणाला मोठी किंमत असते. आपल्याला घरी चार झाडांवर तेवढी असतेच असं नाही.

द्राक्षबागेचं डोळ्यापुढे आणा

माझं माहेर निफाड तालुक्यातलं, त्यामुळे पानं काढणं म्हटलं की मला आधी द्राक्षबाग आठवते. गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, फेलफूट (घड नसलेले फुटवे) काढतात, बगलफूट (पानाच्या बगलेतले फुटवे) काढतात, घडाच्या आसपासची पानं थोडी विरळ करतात, का तर घडात हवा खेळावी, भुरी आणि डाऊनी हे बुरशीचे रोग बसू नयेत आणि फवारा आतपर्यंत पोचावा. पण कुठलाही शहाणा बागायतदार वेल बोडका करत नाही, कारण घडाला फुगवण्यासाठी काडीवर पुरेशी पानं लागतात हे तिथे शाळकरी पोरालाही माहीत असतं. आणि वेळ चुकवत नाही. फुटवे कोवळे असताना काढतो, उशीर झाला की जखम मोठी आणि फायदा कमी.

तर इथेही तोच हिशोब आहे, फक्त फवाऱ्याचा भाग वगळून, कारण फुलं आल्यावर गांजावर काहीही फवारायचं नाही. जे फवाराल ते शेवटी फुफ्फुसात किंवा पोटात जाणार. म्हणूनच इथे हवा खेळती ठेवणं जास्त महत्त्वाचं, औषधाचा मार्ग आपण स्वतःच बंद केलेला असतो.

आणि ही काही नवी अक्कल नाही. १८९३-९४ च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनच्या अहवालात बंगालमधल्या नौगाव भागातल्या गांजाच्या शेतीचं वर्णन आहे, तिथे झाड वाढीला असतानाच खालच्या फांद्या काढून टाकायचे आणि नर झाडं ओळखून उपटायला खास जाणकार माणूस बोलवायचे. म्हणजे खालून मोकळं करायचं, तेही फुलोऱ्याच्या आधी.

टेंटमध्ये: कधी काय करायचं

साधी फोटोपीरियड व्हरायटी धरते, म्हणजे जी १२ तास लाइट १२ तास अंधार केल्यावर फुलोऱ्यात जाते. फुलोरा साधारण आठ ते दहा आठवडे चालतो, आणि पहिले दोन-तीन आठवडे झाड उंच होत असतं, काही व्हरायट्या तर उंचीनं दुप्पट होतात. याच काळात झाडात नवी पानं काढायची ताकद असते, म्हणून कात्रीचं सगळं काम याच काळात उरकायचं.

लाइट १२-१२ करायच्या दोन-चार दिवस आधी पहिली सफाई. झाडाचा खालचा चौथा हिस्सा, फार दाट असेल तर तिसरा हिस्सा, तिथल्या बारक्या फांद्या आणि पानं काढून खोड मोकळं करायचं. उकिडवं बसून बाजूनं बघा, जिथवर लाइट पोचतच नाही तिथून खालचं सगळं जाऊ द्या. याला लोक लॉलिपॉपिंग म्हणतात. ही सगळ्यात फायद्याची छाटणी आहे, आणि कुणी मला म्हटलं की मला फक्त एकदाच कात्री लावायचीय तर मी हीच कर म्हणेन.

मग थांबायचं. झाड उंच होऊ द्यायचं, आधाराला जाळी लावली असेल तर फांद्या पसरून घ्यायच्या. साधारण अठराव्या ते एकविसाव्या दिवसाच्या आसपास, जेव्हा फांद्यांची वाढ थांबल्यासारखी दिसते आणि टोकांना पांढऱ्या केसांचे झुबके बसायला लागतात, तेव्हा दुसरी आणि शेवटची सफाई. या वेळी काय काढायचं ते सांगते. झाडाच्या मध्यातली पानं जी आतल्या बाजूला तोंड करून आहेत. दोन फांद्यांच्या मधे अडकून दोन्हीकडे घासणारी पानं. एकमेकांवर ओली चिकटलेली पानं, त्यातलं खालचं. पहिल्या सफाईनंतर खाली परत फुटलेलं फालतू. बस एवढंच. सगळ्यात वरची, लाइटकडे तोंड करून पसरलेली पानं ठेवायची, ती कितीही मोठी असोत.

आणि कापायच्या आधी एक करून बघा, पान दाबून मागे घाला. लांब देठाचं पान असतं, ते बडच्या खालून किंवा फांदीच्या मागून अलगद वळवून अडकवता येतं, दोन दिवसांत ते तिथेच राहायला शिकतं. पानही राहिलं आणि बडही उघडा झाला. चारच झाडं आहेत आपली, हे करायला दहा मिनिटं लागतात. मोठ्या फार्मवाल्यांना हे परवडत नाही म्हणून ते कापतात, आपल्याला परवडतं.

किती? एका वेळी झाडावरच्या पानांपैकी पाचव्या हिस्स्यापेक्षा जास्त नको. हा काही विज्ञानाचा आकडा नाही, हातचा अंदाज आहे, पण तो पाळला तर झाड तीन-चार दिवसांत सावरलेलं दिसतं. जास्त दाट असेल तर दोन खेपांत करा, मधे चार-पाच दिवस जाऊ द्या. काम झाल्यावर चार पावलं मागे येऊन बघितलं तर झाड विरळ झालेलं जाणवलं पाहिजे, बोडकं दिसता कामा नये. पलीकडची भिंत पानांतून तुकड्या-तुकड्यानं दिसली की पुरे, थांबा. समोर पंखा सुरू करा आणि आतल्या पानांकडे बघा, झाडाच्या पोटातली पानंही हलकी हलताहेत का? हलत असतील तर झालं काम. ही टेस्ट मला कुठल्याही टक्केवारीपेक्षा भरवशाची वाटते.

कापायचं कसं

छोटी टोकदार ट्रिमिंगची कात्री घ्या. स्वयंपाकघरातली नको, राळेनं चिकट होऊन बाद होते. सुरुवातीला आणि प्रत्येक झाडानंतर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, नाहीतर एका झाडाची भुरी चौघांना तुम्हीच वाटता. हातात नायट्राइल ग्लव्ह्ज.

देठ खोडाजवळ पण खोडाला न टेकता कापायचा, अर्धा सेंटीमीटर ठूठ राहिलं तरी चालतं, ते वाळून गळून जातं. पान खाली ओढून तोडायची सवय असते बऱ्याच जणांना, तसं केलं की देठाबरोबर खोडाची साल सोलून लांब पट्टी निघते, आणि ती जखम भरायला झाडाला उगाच खर्च येतो. ज्या पानाच्या बेचक्यात चांगली कळी आहे तिथे तर फारच जपून, कात्रीचं टोक कळीपासून उलट्या दिशेला.

झाड तहानलेलं असताना, पानं लोंबत असताना कापू नका. आदल्या दिवशी पाणी घातलेलं असावं. आणि कापून झाल्यावर पाण्याचं वेळापत्रक बदलतं, हे फार कमी लोक लक्षात घेतात. पानं कमी झाली म्हणजे झाड पाणी कमी ओढणार, कुंडी जास्त दिवस ओली राहणार. नेहमीसारखं दर दोन दिवसांनी ओतत राहिलात तर मुळं गुदमरतात, पानं खाली वाकतात आणि सगळा दोष छाटणीवर जातो. कुंडी उचलून वजन बघा, हलकी लागली तरच पाणी.

प्रत्येक कापलेलं पान उलटं करून बघा, हा फुकटचा हेल्थ चेकअप आहे. मागच्या बाजूला बारीक ठिपके आणि तलम जाळं असेल तर लाल कोळी. चंदेरी ओरखडे आणि काळे टिपके असतील तर फुलकिडे. वरच्या बाजूला पिठाची चिमूट पडल्यासारखा डाग असेल तर भुरी, आणि भुरीला पान ओलं असायची गरजच नसते, दमट आणि कोंदट हवा पुरते. असं काही दिसलं तर ते पान घरच्या कंपोस्टमध्ये टाकायचं नाही, पिशवीत बांधून कचऱ्यात.

बॅकयार्डातल्या झाडांचं वेगळं आहे

बाहेरच्या झाडांना आपण १२-१२ करत नाही, सूर्य करतो. टोरंटोच्या आसपास जूनमध्ये दिवस साडेपंधरा तासांच्या घरात असतो, तो जुलैच्या शेवटापासून जाणवण्याइतका लहान व्हायला लागतो, आणि बहुतेक झाडं ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात फुलायला लागतात. हार्वेस्ट येतो सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरच्या मध्याला. म्हणजे फुलं जेव्हा सगळ्यात जाड आणि घट्ट असतात नेमकं तेव्हाच इथे रात्री थंड, पहाटे दव आणि मधून मधून दोन-दोन दिवस रिपरिप. बॉट्रायटिस म्हणजे राखाडी बुरशीला याहून चांगलं काय पाहिजे.

म्हणून बाहेर खालची मोठी सफाई जुलैच्या शेवटी करायची, जमिनीपासून फूटभर-दीड फूट खोड पूर्ण मोकळं, म्हणजे पावसाचे मातीचे शिंतोडे पानांवर येत नाहीत. मग ऑगस्टच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात झाडाच्या पोटातली पानं विरळ करायची, टेंटसारखीच पद्धत, पण इथे हात थोडा सैल सोडला तरी चालतो कारण सूर्याचा उजेड चारी बाजूंनी येतो आणि बाहेरचं झाड आकारानं खूप मोठं असतं. कोरडा, वाऱ्याचा दिवस बघून सकाळी दव उडाल्यावर करा, म्हणजे संध्याकाळपर्यंत जखमा सुकतात. पाऊस येणार असेल त्या दिवशी अजिबात नको.

सप्टेंबरमध्ये कात्री लावायची ती फक्त बुरशी शोधायला. आणि ती कशी शोधायची ते बघा. लांबून झाड छान हिरवं दिसतं. जवळ जा, एकेका मोठ्या बडकडे बघा. त्यातलं एखादंच छोटं पान, आजूबाजूची सगळी हिरवी असताना, एकटंच पिवळं-तपकिरी पडलेलं दिसेल, पिळवटल्यासारखं. ते पान चिमटीत धरून हळूच ओढा. निरोगी असेल तर हिसका लागतो. काही जोर न लावता अलगद निघून आलं आणि त्याचं बूड ओलसर तपकिरी असेल तर बड आतून सडायला लागलाय. दोन बोटांनी बड थोडा उघडून बघा, आत राखाडी-तपकिरी मऊ भुगा असतो, कधी धुरासारखी बारीक पूड उडते. कधी कधी आत अळी आणि तिची काळी लेंडी सापडते, बुरशीला वाट त्या अळीनंच करून दिलेली असते.

असं दिसलं की आधी त्या बडवर अलगद पिशवी चढवायची, मग कापायचं, म्हणजे बीजाणू बाकी झाडावर उडत नाहीत. सडलेल्या भागाच्या खाली निदान दोन-तीन सेंटीमीटर निरोगी भागासकट काढायचं. तो बड फेकायचा, सगळा. अर्धा चांगला दिसतोय म्हणून वाळवून ठेवायचा मोह होतो, पण बुरशी लागलेलं फूल ओढणं फुफ्फुसाला घातक आहे, दम्याच्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाला तर फारच. यात तडजोड नाही.

पाऊस थांबल्यावर झाडं हलवून पाणी झटकायचं, शक्य असेल तर वर प्लॅस्टिकचं छप्पर, बाजू उघड्या. हे पानं काढण्यापेक्षा जास्त कामाला येतं.

कधी अजिबात काढायची नाहीत

ऑटोफ्लॉवर असेल तर हात आखडता घ्या. ती लाइटवर नाही, वयावर फुलते, बी पासून हार्वेस्टपर्यंत नऊ-दहा-अकरा आठवड्यांत सगळं आटपतं, त्यात तुम्ही पाच दिवस दुखापतीत घालवले तर ते भरून काढायला वेळच नसतो. पान मागे अडकवा, फारच गुंता असेल तर चार-सहा पानं, त्यापुढे नाही.

अरुंद पानांची, लांब फांद्यांची, मुळातच विरळ असणारी व्हरायटी असेल तर काढायला काही नसतंच. रुंद पानांची, बुटकी, गच्च असते तिलाच खरी गरज. दोघींना एकच नियम लावू नका.

झाड आधीच आजारी असेल, खत कमी-जास्त झालं असेल, नुकतंच दुसऱ्या कुंडीत हलवलं असेल, कीड लागली असेल, तर आधी ते निस्तरा. एका वेळी एकच त्रास. आणि फुलोऱ्यात मोठा धक्का बसला तर काही झाडं मादी असूनही नर फुलं काढतात, बडच्या मधून पिवळी केळ्यासारखी बारीक बोंडं डोकावतात. परागकण उडाला की सगळ्या झाडांत बी भरतं. त्यामागे व्हरायटीचा स्वभाव आणि रात्री टेंटमध्ये शिरणारा उजेड ही जास्त मोठी कारणं आहेत, पण नाजूक झाडावर जबरी छाटणीची भर कशाला घालायची. छाटणीनंतरचे दहा दिवस ही बोंडं दिसतात का यावर लक्ष ठेवा.

आणि शेवटचे दोन आठवडे. या काळात एक प्रकार चालतो, हार्वेस्टच्या आधी सगळी फॅन लीफ काढून टाकायची म्हणजे बड "पिकतो". त्याचा उपयोग एवढाच की हार्वेस्टच्या दिवशी ट्रिमिंगचं काम कमी होतं. तेवढ्यासाठी करायचं असेल तर तोडायच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी करा, काही बिघडत नाही. दहा दिवस आधी करून मिळत काही नाही. थंडीनं पानं जांभळी पडली असतील तर तीही राहू द्या, ऑक्टोबरच्या रात्रींत काही व्हरायट्यांना तो रंग येतोच, रोग नाही तो.

काढलेल्या पानांचं काय करायचं

निरोगी फॅन लीफमध्ये राळ जवळजवळ नसते, त्यामुळे त्यापासून काही बनवायच्या भानगडीत पडू नका, कंपोस्टमध्ये टाका, छान कुजतात. मात्र कंपोस्टचा डबा झाकणाचा असावा, कुत्रा किंवा लहान मूल पोचेल असा उघडा ढीग नको, बडचे तुकडे त्यात मिसळलेले असू शकतात आणि ते कुत्र्याच्या पोटात गेले तर थेट व्हेटकडे पळायची वेळ येते. हार्वेस्टची शुगर लीफ वेगळ्या बरणीत, लेबल लावून, कुलपात ठेवा. कात्रीवर साठलेली राळ अल्कोहोलच्या फडक्यानं पुसली की निघते, पण ते फडकं गॅसच्या शेगडीजवळ ठेवू नका, अल्कोहोल आहे ते, पेट घेतं.